आवाजाचा रकाना

बाबांच्या घशातल्या गाठीला मी दहापैकी नऊ मार्क दिले. पुढचं सगळं त्यातून आलं, म्हणून ते आधीच सांगून टाकते. मुद्द्याची गोष्ट शेवटपर्यंत पोटात ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. मालिकांतही मी त्यांचे मार्क कापते.

मार्क देणं हेच माझं काम आहे. परदेशात तयार झालेल्या ॲनिमे मालिका आमच्या कंपनीत येतात, इथे त्यांना आपल्या भाषेतले आवाज मिळतात आणि लोकांसमोर जाण्याआधी त्या माझ्या टेबलावरून जातात. माझ्या पत्रकाला तीन रकाने आहेत: चित्र, आवाज, पात्रं. प्रत्येकाला दहा मार्क आणि शेजारी कारणं लिहायला चार ओळींची जागा. कुठल्याही रकान्यात चारच्या खाली आलं की काम मागे फिरतं. मी प्रत्येक भाग तीनदा बघते. पहिल्यांदा आवाज बंद करून, म्हणजे संगीताच्या लाडीगोडीला न भुलता चित्रं दिसतात. दुसऱ्यांदा पडद्यावर जाड कापड टाकून, नुसत्या कानांनी. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, आणि तेव्हाच पात्रांचे मार्क. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. ऑफिसात मला मागून 'मास्तरीण' म्हणतात, आणि मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं.

बाबा डबिंगचे कलाकार. त्यांचा चेहरा कोणी ओळखत नसे, पण बसच्या रांगेत त्यांनी "जरा सरकता का?" म्हटलं की पुढची चार डोकी वळायची. राक्षस, न्यायाधीश, बोलकी झाडं, एक गंजलेला यंत्रमानव, सगळं करून झालेलं. त्यांची एक खोड होती. एखादी भूमिका चालू असेल तोवर घरीही ते त्याच आवाजात बोलायचे. "आवाज म्हणजे नवा बूट," ते म्हणायचे, "घरात घालून फिरल्याशिवाय पायात बसत नाही." मी शाळेत असताना ते एका बेडकाचं काम करत होते, तर माझ्या प्रगतिपुस्तकावरून मला बेडकाच्या आवाजात बोलणी बसली. खलनायकाच्या दिवसांत पोस्टमन बेल वाजवून पत्रं उंबऱ्यावर टाकायचा आणि पळायचा. आई होती तोवर म्हणायची, "लग्न एकाशी केलं आणि पन्नास जणांना जेवायला वाढतेय." आई गेल्यावर आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडे राहायला आली. तिला या खोडीची कधी सवय झाली नाही. मला इतकी झाली की बाबांचा स्वतःचा आवाज कुठला, हा प्रश्नच मला पडेनासा झाला.

तर 'हाळी' नावाची बारा भागांची मालिका आमच्याकडे आली. गोष्ट साधी. धुक्यात बुडालेल्या एका बंदरातला भोंगा बिघडलाय आणि नवा आणायची कोणाला गरज वाटत नाही. एक म्हातारा धक्क्याच्या टोकाला उभा राहून, हाका मारून होड्यांना वाट दाखवतो. बारा भागांत त्याचा आवाज हळूहळू जातो, आणि त्याच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी ते ऐकत राहते. म्हाताऱ्याचं काम बाबांना मिळालं. नात्यातल्या माणसाचं काम तपासायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी आपणहून साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखे कान मी दुसरे कुठून आणू? आणि तुम्ही तर सख्ख्या बापालाही सोडायच्या नाहीत." हे मला कौतुक वाटलं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे.

चित्रं पाहिली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच मी खुर्ची पुढे ओढली. धुकं कोणीतरी हाताने रंगवलं होतं, आणि ते पांढरं नव्हतं. सकाळी हिरवट, दुपारी राखाडी, दिवे लागले की त्यांच्याभोवती मळकट पिवळं. धक्क्याचे दगड इतके ओले की हात लावून बघावासा वाटे. चेहऱ्यांत मात्र हात आखडता घेतलेला. बोलताना तोंडाची तीनच चित्रं: मिटलेलं, अर्धं, उघडं. आमच्या कलाकारांना सगळी वाक्यं त्या तीन तोंडांत बसवावी लागतात. पाचव्या भागापासून चित्रकारांची घाई उघडी पडू लागली. पळणाऱ्या मुलीचे पाय चौकटीच्या बाहेर ठेवलेले, गर्दीतली माणसं पुतळ्यासारखी, आणि एका ठिकाणी म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला सहा बोटं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकणारं ते सहावं बोट मला दिसलं. रोज जेवताना समोर बसणाऱ्या बापाच्या मानेचा फुगवटा दिसला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

चित्रं बाराही भागांची एकदम येतात, डबिंग झालेलं काम मात्र चार-चार भागांनी येतं. पहिले चार भाग आले, मी पडद्यावर कापड टाकलं आणि ऐकलं. म्हाताऱ्याचा आवाज पहिल्या भागात नुसता कोरडा होता. दुसऱ्यात त्याला खरखर आली. चौथ्यात वाक्याच्या शेवटी हवा गळत होती, जणू शब्द धरून ठेवायला मूठच उरली नाही. मी आवाजाच्या रकान्यात लिहिलं: "खरखर भागागणिक मोजून वाढवली आहे. शब्दांच्या शेवटी गळणारी हवा ही अत्यंत संयमी कारागिरी. म्हातारपण वरून लावलेलं नाही, आतून आलेलं आहे." आणि नऊ. दहा मी कोणाला देत नाही. संगीताला मी त्याच पत्रकात झोडपलं होतं, कारण मुलीच्या आईने डोळे पुसले की दर वेळी तीच बासरी वाजायची. बंदराच्या अधिकाऱ्याचं पात्र ओरडण्यापलीकडे काही करत नाही, असंही लिहिलं. म्हणजे मी भुललेले नव्हते, डोकं ठिकाणावर होतं. हेच जास्त वाईट आहे.

घरीही बाबा म्हाताऱ्याच्याच आवाजात बोलत होते. एके दिवशी जेवताना आत्या म्हणाली, "दादा, तुझ्या घशाला काय झालंय रे?"

"धुकं गेलंय," बाबा म्हणाले.

मी हसले. आत्या हसली नाही. "धुकं गेलं असेल तर डॉक्टरला दाखव. पाणी गिळताना मान वाकडी करतोयस तू."

"आत्या, तो अभिनय आहे," मी म्हणाले. "गिळतानाही ते त्या पात्रातच आहेत. यालाच पात्रात शिरणं म्हणतात." मग मी तिला आवाज आणि शरीर यांच्या संबंधावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. आत्याला कलेतलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच तिला कळलं.

त्यानंतर सहा आठवडे गेले. या सहा आठवड्यांत मी आणखी दोन मालिका तपासल्या, एकीला पात्रांच्या रकान्यात तीन देऊन परत पाठवलं, आणि रोज सकाळी बाबांचा "चहा झाला का?" ऐकून मनात म्हणत राहिले, वा, आज आणखी खाली गेलाय.

शेवटी आत्याने खोटं बोलून काम साधलं. तिला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, एकटीला भीती वाटते, म्हणून दादाने बरोबर यावं. तिथे पोचल्यावर तिने डॉक्टरांना सांगितलं, "माझे कान ठणठणीत आहेत, याचा घसा बघा." अर्ध्या तासाने मला ऑफिसात तिचा फोन आला. एरवी फोनवर पाल्हाळ लावणारी आत्या एवढंच म्हणाली, "ये."

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी घशाच्या आतलं चित्रण केलं होतं, ते त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. आवाज जिथून निघतो ती जागा मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. दोन फिकट पट्ट्या, समोरासमोर. डावी हलत होती. उजवीवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी वाढलं होतं आणि ती हलत नव्हती. चित्रणाला आवाज नव्हता. मी सवयीने पहिल्यांदा चित्रच बघितलं, दोनदा मागे घ्यायला लावून बघितलं.

"दीड-दोन महिने आधी आला असता तर किरणांवर भागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाजही बहुतेक राहिला असता. आता पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, कायमचा. पण माणूस जगेल. आठ दिवसांत करायला हवं."

"बोलता येईल?" मी विचारलं.

"नाही. मानेला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून थोडंफार."

"यंत्रमानव मी करून झालोय," बाबा म्हणाले. मग त्यांनी हिशेब मांडला. आठ भाग झालेत, चार राहिलेत, तीन आठवडे लागतील. "बारावा झाला की कापा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "काका, तीन आठवड्यांत ती गाठ श्वासाची वाट बुजवेल. झोपेत गुदमराल. मी घाबरवत नाहीये, असं होताना मी पाहिलंय."

"बरं," बाबा म्हणाले, जसं एखाद्याने बाहेर गारठा आहे असं सांगावं.

बाहेरच्या बाकावर आत्या फाइल पोटाशी धरून बसली होती. आम्ही दोघं जिन्यापाशी उभे होतो. बाबा म्हणाले, "मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

"काय?"

"की हे मी करत नाहीये. खरखर थांबवायला गेलो तर थांबेना. पण इतकं चपखल बसत होतं गं. म्हटलं, आयतं मिळतंय तर चार भाग होऊ देत, मग दाखवू कोणाला तरी. आणि मग तुझं पत्रक आलं." त्यांनी खिशातून घडी काढली. आमच्याकडे कलाकाराला पत्रकाची प्रत मिळते. घडीच्या रेषांवर कागद फाटायला आला होता. "इतक्या वर्षांत, घरी गमतीत मार्क देतानाही, तू मला सातच्या वर कधी नेलं नव्हतंस."

मी त्यांना विनवलं. पाया पडते म्हणाले, रडले, ओरडले, जिन्यावरून जाणारी माणसं बघायला लागली इतकी ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं.

"नाही," ते म्हणाले. "घसा माझा आहे. जन्मभर तो दुसऱ्यांच्या तोंडात घातला. हे एक काम माझं आहे, ते मी पुरं करणार. मेलो तर मेलो. आणि आत्ता तू शहाणपणा करू नकोस, तुझा शहाणपणा मी वाचलाय." हे शेवटचं ते रागाने बोलले नाहीत. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. काम थांबवा, मी म्हणाले. साहेबांनी डोळ्यांत पाणी आणलं, ते त्यांना जमतं, आणि म्हणाले, "सकाळीच त्यांचा फोन आला होता. काही झालं तरी थांबू नका म्हणाले. कलाकाराची शेवटची इच्छा मोडणारा मी कोण?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोणाच्या शेवटच्या इच्छेचं ओझं होत नाही. म्हाताऱ्याच्या आवाजावरच तर मालिका गाजणार होती.

माझ्या टेबलावर पाच ते आठ भागांचं पत्रक अजून कोरं होतं.

मी खोलीचं दार लावून घेतलं, पडद्यावर कापड टाकलं, हेडफोन घातले. खरं तर ऐकायची गरज नव्हती, काय लिहायचं ते ठरलं होतं. पण न ऐकता मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. या वेळी मला दोघं वेगवेगळे ऐकू आले, बाबा आणि ती गाठ. गाठ शब्द अडवायची, बाबा त्याच अडण्याला म्हाताऱ्याचा विचार बनवायचे. गाठ श्वास तोडायची, बाबा त्या तुटलेल्या जागी मुलीकडे बघायचे. कापड टाकलेलं असूनही ते बघणं मला ऐकू आलं. आठव्या भागात म्हातारा मुलीला शिकवतो, "हाक लांबच्याला मारायची नसते. शेजारी उभा आहे त्याला मारायची. लांबच्याला आपोआप पोचते." हे वाक्य बाबांनी जवळजवळ आवाजाशिवाय म्हटलं होतं. नुसती हवा, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ. मी हेडफोन काढले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. दहा मी कोणाला देत नाही. त्या दिवशी दिले असते.

मी तीन लिहिले.

कारणांच्या चार ओळी भरायला मला एक तास लागला. "श्वास ऐकू येतो. शब्दांचे शेवट गळतात. पात्राचं वय एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतं. ऐकणाऱ्याला पात्राची नाही, कलाकाराचीच काळजी वाटते." सही केली आणि स्वतः नेऊन दिलं, नाहीतर फाडून टाकलं असतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "गेल्या वेळी नऊ होते."

"गेल्या वेळी माझी चूक झाली," मी म्हणाले. त्या अख्ख्या प्रकरणात मी बोललेलं हे एकच खरं वाक्य.

पत्रक मालिकेच्या मालकांकडे गेलं. त्यांना ना बाबा माहीत, ना मी. चार दिवसांत उत्तर आलं, म्हाताऱ्याचा आवाज बदला. नापास पत्रकाची प्रत कलाकाराला जात नाही, बाबांना साहेबांनी फोनवर नुसता निर्णय कळवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. बाबा "हो, हो" म्हणाले, "त्यांचं बरोबर असेल" म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ त्या भिंतीपाशीच उभे राहिले. मग आत्याला म्हणाले, "चल, आता काय अडलंय? डॉक्टरला सांग, मोकळा आहे मी." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी घातलेला घाव त्यांनी मालकांच्या खात्यावर मांडला होता आणि मी तो तिथेच राहू दिला.

इथे मला माझी आणखी एक चूक सांगायला हवी. मी गृहीत धरलं होतं की शेवटचे चार भाग फक्त दुसरा कोणी करेल आणि आधीचे आठ बाबांचेच राहतील. पण एका पात्राला दोन आवाज चालत नाहीत असा आमच्याकडे नियम आहे. आवाज बदलला तर पहिल्या भागापासून सगळं नव्याने. सहा वर्षांपूर्वी एका मालिकेत नायकाचा आवाज मधेच बदलला, लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा हा नियम लिहून काढला गेला. लिहिणारी मी. घाबरलेल्या माणसाला स्वतःचंच अक्षर आठवत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते लक्षात आलं, तशी मी धावत रेकॉर्डिस्टकडे गेले. जुने आठ भाग निदान मला दे म्हणाले, कशावरही उतरवून दे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, नापास झालेलं ठेवत नाही आपण. बाहेर फुटू नये म्हणून पुसायचं, तसं करारातच आहे. कालच पुसलं." मग हळूच म्हणाला, "पुसताना वाईट वाटलं मला. बरं झालं होतं हो ते काम."

ऑपरेशनला जाताना बाबांनी आत्याशी काहीबाही गप्पा मारल्या. त्या बाबांच्या शेवटच्या गप्पा, आणि त्या नळाच्या चकतीबद्दल होत्या. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबरला बोलाव, चकती पितळेची टाकायला सांग. तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याचा आवाज सोडला होता. राहिलं होतं ते घोगरं, साधं, काही न करणारं काहीतरी. तोच बहुधा त्यांचा आवाज. ओळख झाली आणि पंधरा मिनिटांत दार बंद झालं.

बाबा वाचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी आठवडा गेला असता तर काही खरं नव्हतं. मी हे वाक्य पुष्कळ वेळा मनात म्हणून पाहिलंय. ते खरं आहे आणि त्याने काही होत नाही.

घरी आल्यावर त्यांच्या गळ्यावर छिद्रासमोर एक पातळ फडकं बांधलेलं असायचं. आधी नाकातल्या नळीने अन्न, मग पातळ सूप. आत्याने लहान मुलांची असते तशी एक पाटी आणली होती, लिहून खटका ओढला की पुसली जाते ती. आत्या दिवसभर त्यांच्याशी बोलायची आणि पाटीवरची उत्तरं मोठ्याने वाचायची. तीन आठवडे झाल्यावर एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि पाटी पुढे केली. "चौथा भाग लाव. माझा. ऐकायचाय."

मी सांगून टाकलं. पत्रक कोणी लिहिलं, काय लिहिलं, का लिहिलं, नियम कोणाचा, पुसलं कधी. उभ्या उभ्या सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढे गेले नसते. आत्या दारात आली आणि तिथेच थांबली. बाबांनी सगळं ऐकलं. मग खटका ओढून पाटी पुसली, लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

"मी नाही म्हटलं होतं."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी ती पाटी पुसली नाही. तशीच खिडकीत उभी करून ठेवली. तीन दिवस त्यांना काही हवं असलं की ते आत्याच्या तळहातावर बोटाने लिहायचे. मी ये-जा करताना ते चार शब्द मला दिसायचे. आत्या एकदा म्हणाली, "लेकरा, मी असते तरी तेच केलं असतं." मी म्हणाले, "तू असतीस तर सहा आठवडे आधी केलं असतंस."

चौथ्या दिवशी, रविवारी, बाबांनी पाटी पुसली. "नववा लाव," त्यांनी लिहिलं.

"त्यात दुसऱ्याचा आवाज आहे," मी म्हणाले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने काम पुरं केलं होतं, चांगला माणूस आहे, नक्कल उत्तम करतो. मी त्याला सहा दिले होते. बाबांनी हातानेच खूण केली, माहीत आहे, लाव.

मी तपासणीची प्रत लावली. पहिलं दृश्य आलं, धक्का, हिरवट धुकं, पाठमोरा म्हातारा. बाबांनी रिमोट घेतला आणि आवाज पार बंद केला. मला वाटलं त्यांना नुसती चित्रं बघायचीयत. तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वळवून तोंड उघडलं, आणि बाबांनीही उघडलं.

सगळे संवाद त्यांना पाठ होते. रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये कधी न केलेले चार भाग ते घरी करून बसले होते, बहुधा ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत, बहुधा ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत. मिटलेलं, अर्धं, उघडं. पडद्यावरच्या तीन तोंडांत त्यांचे ओठ शब्द बसवत होते. भुवया वर जात होत्या, हात कधी गुडघ्यावर, कधी हवेत. खोलीत आवाज फक्त गळ्यातून येणाऱ्या श्वासाचा. नववा संपला, दहावा लागला. आत्या येऊन पलंगाच्या कडेला बसली. तिला गोष्ट ठाऊक नव्हती, तरी ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

बाराव्या भागात समुद्रात गेलेल्या सगळ्या होड्या एकदम धुक्यात सापडतात, आणि म्हातारा एकेकीला तिच्या नावाने हाक मारतो. चोवीस होड्या. बाबा उठून उभे राहिले. बूथमध्ये मोठी हाक ते उभ्यानेच मारायचे. त्यांनी छाती भरून घेतली आणि पहिलं नाव उच्चारलं. गळ्यावरचं फडकं फटकन पुढे उडालं आणि परत बसलं. दुसरं नाव, तिसरं. प्रत्येक हाकेला फडकं उडत होतं. कपाळावरच्या शिरा ताठरल्या होत्या. डॉक्टरांनी जोर करायला मनाई केली होती, आणि मी त्यांना थांबवलं नाही. चोविसावं नाव झालं, पडद्यावरचं तोंड मिटलं, त्याच क्षणी त्यांचंही.

ते खाली बसले. धाप लागली होती. आत्याने पाणी पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. काम झालं की बूथच्या काचेतून कलाकार बघतो, तसं. मी सुंदर झालं म्हणाले असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

"अकराव्या होडीला थोडा उशीर झाला," मी म्हणाले. "तोंड आधी उघडलं, तुम्ही नंतर."

बाबांनी विचार केला. मान हलवली. मग तर्जनी हवेत उलटी फिरवली, मागे घे. आणि पुन्हा उभे राहिले.

मी मागे घेतलं.